मल्हाराला चिनी झगा: एका परत आलेल्या गोष्टीचं प्रकरण

गोष्ट परत आली तेव्हा सोबत एकच ओळ होती. "छान लिहिलंय, पण हा आपला मल्हारच आहे, त्याला चिनी झगा घातलाय." मल्हार म्हणजे पाऊस पाडणारा राग. दिवाळी अंकाचे संपादक फोनवर तासभर बोलतील पण लिहिताना एवढंच लिहिणार. मला राग आला, दोन दिवस टिकला, आणि मग पुढचे सहा महिने जे काय झालं ते इथे सगळं मांडतोय, कारण फॅन्टसीत संगीत आणणाऱ्या बऱ्याच जणांची गाडी याच खड्ड्यात जाते असा माझा अंदाज आहे. माझी तर चारही चाकं गेली होती.

आधी गोष्ट काय होती ते सांगतो. साल 1276, गाव लिन्आन, म्हणजे आजचं हांगझोऊ, तेव्हाची दक्षिण सोंग घराण्याची राजधानी. मंगोल फौज वेशीशी आलेली. माझी नायिका गूछिन वाजवते, म्हणजे ते सात तारांचं, लांबट, टेबलावर आडवं ठेवून वाजवायचं वाद्य. ती तटावर जाऊन बसते, तार छेडते, आभाळ भरून येतं, वादळ उठतं, फौज वाहून जाते. साडेतीन हजार शब्द. शेवटी एक ड्रॅगन पण होता आणि तो आग ओकायचा.

हसा. मी पण आता हसतो. चिनी ड्रॅगन, ज्याला ते लोंग म्हणतात, तो पाण्याचा मालक. नद्या, समुद्र, पाऊस हे त्याचं खातं, दुष्काळ पडला की लोक त्याची आळवणी करायचे. आग ओकणारा तो युरोपातला. म्हणजे माझ्या नायिकेने मरमरून पाऊस पाडायचा आणि तिच्या मदतीला कोण येणार, तर तो पाऊस वाळवणारा प्राणी.

तर पहिला उपाय मी तोच केला जो सगळे करतात, चुका दुरुस्त करत बसलो. ड्रॅगन काढला. नायिकेचं नाव आधी आणि आडनाव नंतर ठेवलं होतं ते उलटं केलं, कारण तिकडे आडनाव आधी येतं. एके ठिकाणी ती "घोडी सरकवून तार लावते" असं लिहिलं होतं (घोडी म्हणजे तार उचलून धरणारा छोटा तुकडा), ते गूझंगचं वर्णन निघालं. गूझंग वेगळं वाद्य, त्याच्या प्रत्येक तारेखाली सरकती घोडी असते, आज बहुतेक 21 तारांचं वाजवतात आणि सिनेमात रेशमी बाह्यांची बाई झरझर हात फिरवताना दिसते ते तेच. गूछिनला तारांखाली मधे घोड्या नाहीत, सतारीसारखे पडदे पण नाहीत, नुसती काळसर लाखेची गुळगुळीत फळी आणि कडेला शिंपल्याच्या 13 टिकल्या. हे सगळं नीट करून परत पाठवलं. संपादकांचं उत्तर, "आता चुका नाहीत. गोष्ट तीच आहे."

यावेळी राग आला नाही, कारण मला पण कुठेतरी कळत होतं. शिवाय एक भोक मी स्वतःच पाहिलं होतं आणि कोणाला दिसू नये म्हणून त्यावर विशेषणं अंथरली होती. लिन्आन पडलं हो. लहानग्या राजाच्या वतीने थोरल्या राजमातेने शरणागती दिली, मोठी लढाई न होता शहर गेलं. मग तटावरच्या जादूने फौज वाहून गेली असेल तर पुढे शरण कोण आणि कोणाला गेलं? इतिहासातलं खरं गाव आणि खरं साल घेतलं की जादू त्या सालाच्या आत मावली पाहिजे, नाहीतर वाचक गोष्ट सोडून इतिहासच तपासत बसतो.

माझी एक मैत्रीण सतार शिकवते. तिला मसुदा वाचायला दिला. तिने चीनबद्दल एक अक्षर विचारलं नाही, फक्त म्हणाली, "ऐकतंय कोण?"

मी म्हटलं, "फौज. हजारो माणसं."

"आणि या वाद्याचा आवाज किती असतो?"

आता खरं सांगायचं तर तोपर्यंत मी गूछिन धड ऐकलंच नव्हतं. पार्श्वसंगीतात ऐकलं असेल, बासरी आणि ढोलांच्या खाली कुठेतरी. त्या रात्री ग्वान फिंगहू यांचं "वाहतं पाणी" लावलं. हे तेच रेकॉर्डिंग जे 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घालून अंतराळात पाठवलं, साधारण साडेसात मिनिटांचं, आणि गंमत म्हणजे त्या तबकडीवर याच्या लगेच पुढे आपल्या केसरबाई केरकरांची "जात कहाँ हो" ही भैरवी आहे. म्हणजे परग्रहावर कोणी ऐकलंच तर गूछिन संपल्या संपल्या केसरबाई. असो. मे महिना, पंखा चारवर, हेडफोन लावले तरी मला निम्मं ऐकूच येईना. पंखा बंद केला. घाम पुसत पुसत ऐकलं तेव्हा कुठे कळलं की या वाद्यात काय चालतं.

उजव्या हाताने तार छेडतात, तो आवाज येतो आणि लगेच उतरायला लागतो, पण डावं बोट तारेवर दाबलेलंच असतं आणि ते सरकत राहतं, वर जातं, खाली येतं, थरथरतं. आवाज जवळजवळ मेलेला असतो आणि बोट अजून चालत असतं. त्या जुन्या तारा रेशमाच्या, त्यावर बोट घासल्याचा खरखर आवाज स्पष्ट येतो, कोणी शेजारच्या खोलीत कापड ओढतंय तसा. काही जागी तर स्वर संपलेला असतो आणि फक्त ती खरखर उरते. आपल्याकडे तार ओढून स्वर सरकवायची सतारीची मींड आहे, पण मींड ऐकू यावी म्हणून घेतात. इथे अर्धी मींड वाजवणाऱ्याच्या बोटालाच कळत असणार. असलं वाद्य मी तटावर, वाऱ्यात, घोड्यांच्या टापांसमोर नेऊन ठेवलं होतं! पहिल्या रांगेतल्या घोड्याला पण ऐकू गेलं नसतं.

माझ्याकडे एक बचाव होता आणि मी तो ठासून मांडला. जुन्या चीनमधला मुत्सद्दी सेनानी झुगे ल्यांग, त्याची रिकाम्या शहराची गोष्ट. हाताशी सैन्य नाही, शत्रू आलाय, तर हा पठ्ठ्या वेशीचे दरवाजे सताड उघडे टाकतो आणि तटावर उदबत्ती लावून छिन, म्हणजे गूछिनच, वाजवत बसतो, आणि समोरचा सेनापती सिमा यी फौज घेऊन माघारी जातो. घडलं नसेल, पण गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. मग माझ्या नायिकेने काय घोडं मारलंय? मैत्रीण म्हणाली, "पण इथे वादळ कुठे आलं? तो दुसरा परत गेला कारण तो याला ओळखून होता. हा कधी धोका पत्करत नाही म्हणजे आत सापळा असणार, असं त्याला वाटलं. सगळी गोष्ट त्या दुसऱ्याच्या डोक्यात घडलीये."

या एका वाक्यावर माझं प्रकरण फिरलं. मी मूळ जुन्या चिनी गोष्टी परत काढून बसलो, या वेळी वाजवणाऱ्याकडे न बघता ऐकणाऱ्याकडे बघत, आणि एकेक गोष्ट वेगळीच दिसायला लागली.

बोया आणि झोंग त्सिछीची गोष्ट घ्या, ती तर तिकडे पोरासोरांना माहीत. बोया मनात डोंगर आणून वाजवतो, लाकूडतोड्या त्सिछी म्हणतो वा, काय उंच. मनात पाणी आणतो, तो म्हणतो वा, काय वाहतंय. त्सिछी मरतो आणि बोया वाद्य फोडून टाकतो, जन्मात परत वाजवत नाही. वूहान शहरातल्या हानयांग भागात यांच्या नावाने छिनचा चौथरा आहे. आणि चिनीत जिवाभावाच्या मित्राला जो शब्द आहे, झियिन, त्याचा शब्दशः अर्थ "स्वर जाणणारा". आपल्याकडे वाद्य फोडायची वेळ आली तर गुरू गेला म्हणून फोडतील. तिथे श्रोता गेला म्हणून फोडलं.

दुसरी गोष्ट याहून जबरी. इसवीसनापूर्वी सहाव्या शतकातला जिन राज्याचा फिंग नावाचा राजा, आणि त्याचा आंधळा दरबारी वादक शि ख्वांग. राजा म्हणतो याहून करुण काहीतरी वाजव. वादक सांगतो, महाराज, ते ऐकण्याएवढी तुमची पुण्याई नाही. राजा हट्टाला पेटतो. वाजवल्यावर दक्षिणेकडून 16 काळे सारस येतात, रांगेत उभे राहतात, माना लांबवून ओरडतात, नाचतात. राजा खूष, म्हणतो अजून करुण. वादक परत नाही म्हणतो, राजा परत हट्ट करतो. मग वायव्येकडून ढग येतात, वारा, पाऊस, पडदे फाटतात, भांडी फुटतात, छपराची कौलं खाली येतात, पाहुणे पळतात आणि राजा सज्जात अंग चोरून पडून राहतो. नंतर राज्यात तीन वर्षं दुष्काळ, राजा आजारी.

वादळ तर इथेही आहे की! माझ्या गोष्टीतलंच वादळ. पण हे वादकाने आणलं असं नाही म्हणता येत, तो बिचारा दोनदा नको म्हणाला. ते ऐकणाऱ्याच्या लायकीतून आलं. आपल्याकडे दीपक राग गायल्यावर दिवे लागतात आणि गाणाऱ्याच्या अंगाचा दाह होतो, म्हणजे ताकद पण गाणाऱ्याची आणि भोग पण गाणाऱ्याचाच. तिथे बिल श्रोत्याच्या नावावर फाटतं. संपादक मल्हार म्हणाले ते यासाठी, आणि ते मला आत्ता कळत होतं.

सगळ्याच गोष्टी अशा आहेत असं मात्र नाही. शि वन नावाच्या वादकाची एक कथा आहे, तो वसंतात शरदाच्या स्वराची तार छेडतो तर गार वारा सुटून फळं पिकतात, उन्हाळ्यात हिवाळ्याची छेडतो तर बर्फ पडतं. ती सरळसरळ वादकाच्या सिद्धीची गोष्ट आहे आणि माझा पहिला मसुदा वाचवायला मी तिला धरून बसू शकलो असतो. पण तिच्यातही जादू ऋतूच्या हिशोबाने चालते, पाच स्वर आणि त्यांना जोडलेले ऋतू असा पक्का तक्ता आहे, मनाला येईल तेव्हा वादळ नाही. आणि खरं सांगू, मला ती तेवढी लागली नाही. लागली ती पुढची.

जी खांग. कवी, विचारवंत, छिनवादक, राजसत्तेला नकोसा झालेला. इ.स. 262 च्या सुमारास लुओयांगला त्याला मृत्युदंड झाला, तीन हजार विद्यार्थ्यांनी त्याच्यासाठी अर्ज केला, उपयोग झाला नाही. मारायच्या आधी त्याने सूर्याची सावली पाहिली, किती वेळ उरलाय ते बघितलं, छिन मागवलं, ग्वांगलिंग सान ही रचना वाजवली आणि म्हणाला की ही आता माझ्याबरोबर संपली. ती त्याला मिळाली कुठून, तर रात्री एका धर्मशाळेसारख्या जागी तो एकटा वाजवत बसलेला असताना कोणीतरी आलं, स्वरांबद्दल बोललं, ही रचना शिकवली, कोणाला शिकवणार नाही अशी शपथ घ्यायला लावली आणि नाव न सांगता गेलं. एका आवृत्तीत हा पाहुणा भूत आहे आणि स्वतःचं मुंडकं हातात धरून आलाय. जी खांग दचकत नाही, दोघं संगीतावर गप्पा मारतात.

हे कसं लिहिलंय ते बघा, मला ते जास्त शिकवून गेलं. या जातीच्या गोष्टींना झिग्वाय म्हणतात, म्हणजे विचित्र गोष्टींची नोंद. नोंदच. अमुक माणूस, शहरापासून इतक्या अंतरावर, अमुक ठिकाणी उतरला, तिथे पूर्वी माणसं मेली होती, मुंडकं हातात धरलेला माणूस आला, म्हणाला छान वाजवतोस. विशेषण नाही, थरकाप नाही, तलाठ्याने पंचनामा लिहावा तसं. आणि म्हणूनच अंगावर येतं. मी मात्र "गूढ", "अद्भुत", "अलौकिक" हे शब्द साडेतीन हजारात एकोणीस वेळा वापरले होते, नंतर सर्च मारून मोजले.

(रचना संपली नाही, बरं का. 1425 सालच्या एका मिंग राजपुत्राच्या स्वरलिपी-संग्रहात ती 45 भागांत सापडते आणि याच ग्वान फिंगहूंनी विसाव्या शतकात ती परत वाजती केली.)

ही "परत वाजती करणे" भानगड मला नव्या गोष्टीचा कणा देऊन गेली. छिनच्या स्वरलिपीत कुठली तार, कुठलं बोट, कुठल्या टिकलीपाशी, आत छेडायची की बाहेर, सरकवायचं की नाही, सगळं लिहिलेलं असतं. पण स्वर किती वेळ धरायचा ते लिहिलेलं नसतं. आपल्या भातखंड्यांच्या स्वरलिपीत मात्रा मोजून मिळते, इथे वेळच गायब. तो गुरूकडून यायचा. गुरू नसेल तर वादक कागद घेऊन महिनोन्महिने, कधी वर्षं बसतो आणि तो वेळ शोधतो, त्याला दाफू म्हणतात.

आणि त्या 13 टिकल्या. परंपरा म्हणते की 12 महिन्यांच्या 12 आणि तेरावी अधिक महिन्याची. हो, अधिक महिना तिकडेही आहे, आपल्यासारखाच, 19 वर्षांत सात वेळा. हे वाचलं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच पाणी प्यायलो. मराठी वाचकाला अधिक महिना समजवावा लागत नाही, जावयाला धोंडे खाऊ घालणाऱ्या घरात तो महिना म्हणजे हिशोबाबाहेरचा वेळ हे आपोआप माहीत असतं. कुठलाही झगा न घालता दोन्हीकडे असलेली एक वस्तू मला मिळाली होती.

तर नवी गोष्ट अशी. लिन्आन पडून काही वर्षं झालीत. फौज नाही, तट नाही, एक खोली. तीच बाई, आता प्रौढ. तिच्याकडे गुरूची स्वरलिपी आहे आणि गुरू शहर गेलं त्या साली गेलाय. स्वर कळतात, वेळ कळत नाही. अधिक महिना लागतो त्या रात्री गुरू येऊन पडवीत बसतो. बोलत नाही. ती वाजवते, आणि तो मान हलवतो, पण उशिरा. कारण जिवंत माणसाला आवाज संपला असं वाटतं तिथे त्याचं ऐकणं संपत नाही, तो बोट थांबेपर्यंत ऐकतो. त्याची मान हलेपर्यंत थांबायचं, एवढाच तिचा मात्रांचा हिशोब. महिना सरला की तो येत नाही, मग पुढच्या अधिकापर्यंत दोन-तीन वर्षं. 19 वर्षं, सात महिने, एक रचना.

जुन्या मसुद्यातलं एक वाक्य देतो, लाज वाटते पण देतो: "तिच्या अलौकिक बोटांतून निघालेला तो गूढ झंकार आसमंत भेदत गेला आणि काळ्याकभिन्न मेघांनी अवघं आकाश व्यापून टाकलं."

आणि त्याच जागी आता हे आहे: "बाहेर पाऊस होता. गुरुजींच्या पायाला चिखल नव्हता. तिने बसायला स्टूल सरकवलं, ते पडवीतच बसले. तिने चौथी तार छेडली, बोट नवव्या टिकलीपासून सातवीपर्यंत नेलं. आवाज आठवीपाशीच संपला. शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, झालं का गं वाजवून. गुरुजींची मान हलली नव्हती, म्हणून तिने बोट पुढे नेलं."

"गुरुजी" शब्दावर बरीच चर्चा झाली. मैत्रीण म्हणाली चिनी शब्द ठेव, शिफू वगैरे. मी नाही ठेवला. जिथे वस्तूच वेगळी आहे तिथे तिकडचं नाव, म्हणून गूछिन. जिथे नातं तेच आहे तिथे आपला शब्द. स्टुलाच्या जागी आधी पाट होता, त्याबद्दल मात्र मी हरलो, त्या काळात तिथे खुर्च्या रुळलेल्या होत्या, लोक टेबलाशी बसून छिन वाजवायचे. पाट गेला, स्टूल आलं. पडवी राहिली.

एक गोष्ट मुद्दाम सोडली. मला फार मोह होता की गोष्टीत कुठेतरी सांगावं, छिनची लांबी तीन "ची", सहा "त्सुन", पाच "फन" (ही तिकडची मापं) म्हणजे वर्षाचे 365 दिवस, वरची बाजू फुगीर म्हणजे आभाळ, खालची सपाट म्हणजे जमीन. मोकळ्या तारेचा आवाज धरतीचा, दाबलेल्या तारेचा माणसाचा आणि नुसतं बोट टेकवून काढलेला घंटीसारखा आवाज स्वर्गाचा. यातलं शेवटचं वापरलं, एकाच जागी, गुरुजी पहिल्या रात्री फक्त घंटीसारख्या स्वरांना मान हलवतात, माणसाच्या स्वरांना हलवायला त्यांना दोन अधिक जातात. बाकीचं फाईलमध्ये पडलंय. जे बाईच्या बोटाखाली येत नव्हतं ते गोष्टीत आलं की वाचकाला म्युझियमची पाटी वाचल्यासारखं होतं, माझ्या मावशीने एक मसुदा ऐकताना चक्क विचारलं, "ही माहिती कोण सांगतंय, बाई की तू?"

आता गोष्ट अठराशे शब्दांची आहे. संपादकांनी घेतली, यंदाच्या अंकात येणार आहे. पण एक जागा अडकलीये. सातव्या अधिकात शेवटचा स्वर येतो. ती छेडते, आवाज संपतो, बोट सरकत राहतं, तेराव्या टिकलीच्याही पुढे जातं जिथे तारेवर खूणच नाही, आणि गुरुजींची मान हलत नाही. माझी गोष्ट तिथे थांबते, ती बोट उचलते की नाही ते मी लिहिलेलं नाही. संपादकांचं म्हणणं मान हलली पाहिजे, 19 वर्षं वाचकाला बसवून ठेवलंयस. मी म्हणतो हलली तर शेवटचा वेळ पण गुरुजींचाच झाला, मग हिने काय शोधलं. काल परत फोन झाला. ते म्हणाले निदान पाऊस तरी थांबव. त्यावर मी विचार करतोय.